गेला आणि बिघडला!

आमच्या बीड जिल्ह्यात दोन पिकांना पाऊस लागत नाही. एक वेड्या बाभळीचे आणि दुसरे मतांचे. पहिल्याला निदान जमीन तरी लागते; दुसरे चहाच्या कपातसुद्धा तरारून येते. सकाळी आठच्या सुमारास स्टँडसमोरच्या कुठल्याही हॉटेलात जाऊन बसा. देशाच्या अंदाजपत्रकापासून अमेरिकेच्या अध्यक्षापर्यंत सर्वांचे निकाल तेथे अर्ध्या तासात लागतात आणि त्यांवर अपिलाची सोय नसते. या न्यायालयाविरुद्ध माझी एरवी तक्रार नाही. मी स्वतः तेथे चाळीस वर्षे बिनपगारी न्यायाधीश आहे. परंतु खेळणाऱ्या माणसाच्या बाबतीत या न्यायालयाचा एक निकाल ठरलेला असतो, साक्षीपुरावा न घेता तो दिला जातो, आणि त्याच्याविरुद्ध आज मला चार शब्द स्पष्ट बोलायचे आहेत. तो निकाल असा: ‘गेला आणि बिघडला!’

2023 सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. हंगेरीत बुडापेस्ट शहरी जागतिक मैदानी स्पर्धा चालू होत्या आणि आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा आमचा अविनाश साबळे तीन हजार मीटरच्या स्टीपलचेसमध्ये धावणार होता. प्रत्येक गटातून पहिले पाचजण अंतिम फेरीत जायचे. अविनाश सातवा आला. वेळ 8 मिनिटे 22.24 सेकंद. संपले!

दुसऱ्या दिवशी हॉटेलात बशीत चहा ओतायच्या आधीच कोर्ट भरले.

“मी म्हणलो नव्हतो का? अमेरिकेला गेला आन् बिघडला!”

“पण आण्णा, मागच्या साली तर त्यानं राष्ट्रकुलात रुपं आणलं होतं.”

“ते इथल्या भाकरीवर आणलं! तिथं जाऊन पाव खातंय. पळंल कसं?”

“आपल्या लष्कराचा कोच सोडून गोऱ्याकडं जायचं कामून? मी म्हणतो, कामून?”

या ‘कामून’ला उत्तर देण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. मीही पडलो नाही. उलट मान डोलावून मी म्हणालो, “माणसानं आपली माती सोडू नये.” वाक्य सुरेख आहे. त्याचा एकच दोष, तो म्हणजे ते उच्चारताना माझ्या डोक्यात विचार म्हणून काही नव्हता.

आता या खटल्यातील वस्तुस्थिती पाहू. मांडव्याच्या त्या शेतकऱ्याच्या मुलाला शाळेत जायला वाहन नव्हते. घर आणि शाळा यांत सहा किलोमीटरांचे अंतर. ते तो लहानपणापासून चालत किंवा धावत तोडी. बारावी झाल्यावर तो फौजेत महार रेजिमेंटमध्ये गेला, आणि सियाचेनचा बर्फ, राजस्थानची वाळू व सिक्कीमचा डोंगर या तिन्ही ठिकाणी त्याने नोकरी केली. धावण्याच्या शर्यतीत तो उतरला तो 2015 च्या सुमारास, फौजेतल्या क्रॉस कंट्रीपासून. पुढे मध्यंतरी त्याचे वजन इतके वाढले होते की जवळजवळ 20 किलो उतरवूनच त्याला पुन्हा धावपट्टीवर यावे लागले. क्षणभर कल्पना करा. तो वजनदार जवान त्या दिवसांत आमच्या हॉटेलसमोरून धापा टाकीत गेला असता, तर आम्ही काय म्हणालो असतो? “फौजेत गेलं आन् सुटलं! हे काय पळतंय!” खटला तेथेच निकालात निघाला असता आणि भारताला स्टीपलचेस धावणारा मिळाला नसता.

सुदैवाने लष्करातले प्रशिक्षक अमरीश कुमार आमच्या हॉटेलात चहाला येत नव्हते. त्यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवले. ही शर्यत कशी असते हे आमच्यातल्या निम्म्या न्यायाधीशांना आजही माहीत नाही. साडेसात फेऱ्यांत 28 वेळा लाकडी अडथळा ओलांडायचा आणि 7 वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यायची. साध्या अडथळ्यांच्या शर्यतीत पाय लागला तर अडथळा आडवा होतो. येथे तो होत नाही. आडवा होतो तो माणूस. अडथळे कमरेइतके उंच आणि आजूबाजूला दहाबारा जणांची रेटारेटी. तीत आपले पाऊल नेमके कोठे पडणार हे आधी चार पावले ठरवायचे. 2018 साली भुवनेश्वरला या मुलाने 8 मिनिटे 29.80 सेकंदांत शर्यत पुरी केली आणि गोपाल सैनींचा 1981 सालचा, म्हणजे 37 वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. त्यानंतर स्वतःचाच विक्रम मोडायची त्याला जणू सवय लागली.

मधल्या काळात राष्ट्रीय शिबिरातल्या परदेशी प्रशिक्षकाची पद्धत त्याला मानवली नाही, तेव्हा तो पुन्हा अमरीश कुमारांकडे परत आला. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जाणे कोठे मानवते आणि कोठे मानवत नाही, हे कळण्याइतके शहाणपण ज्याचे पाय धावतात त्याच्याजवळ असते. आम्ही त्याला ते शिकवायला नको.

2021 मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये त्याने 8 मिनिटे 18.12 सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला आणि तरीही तो अंतिम फेरीत गेला नाही, कारण त्याच्या वाट्याला आलेला गट फार वेगवान होता. त्याच्याहून हळू धावलेले लोक दुसऱ्या गटातून अंतिम फेरीत गेले. आम्ही काय म्हणालो? “शेवटी दम कमी पडला.” विक्रम करणाऱ्याचा दम कमी पडला! हे विधान करणारे गृहस्थ पोस्टाच्या दोन पायऱ्या चढून गेले की कठड्याला टेकतात.

मग तो अमेरिकेला गेला. कोलोरॅडो स्प्रिंग्ज हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 मीटर उंचीवर आहे. तेथील हवा विरळ. अशा हवेत पहिले काही दिवस माणसाला नेहमीची चालसुद्धा जड जाते. मग हळूहळू रक्त स्वतःला त्या हवेशी जुळवून घेते आणि खाली उतरल्यावर त्याचा फायदा मिळतो. मुख्य शब्द आहे ‘हळूहळू’. पण हळूहळूलाही त्याने फारसे थांबवले नाही. मे 2022 मध्ये, अमेरिकेतच, त्याने पाच हजार मीटर 13 मिनिटे 25.65 सेकंदांत पुरे केले आणि बहादूर प्रसादांचा 1992 चा, तीस वर्षांचा विक्रम मोडला. त्याच ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धांत त्याने 8 मिनिटे 11.20 सेकंदांत रौप्यपदक घेतले. सुवर्ण हुकले ते एका सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याने. तेथे 1998 पासून 2018 पर्यंत प्रत्येक वेळी तिन्ही पदके केनियाने नेली होती. त्या भिंतीला पहिले भगदाड आमच्या आष्टीच्या मुलाने पाडले. म्हणजे आण्णा ज्याला ‘इथली भाकरी’ म्हणत होते, तिच्यात अमेरिकेचे बरेच पीठ मिसळलेले होते.

आणि बुडापेस्टचा तो काळा दिवस? त्या दिवसापासून मोजून 43 व्या दिवशी, 1 ऑक्टोबरला, हांगचौच्या आशियाई स्पर्धांत याच ‘बिघडलेल्या’ माणसाने 8 मिनिटे 19.50 सेकंदांत स्पर्धेचा विक्रम करून सुवर्णपदक घेतले, आणि वर पाच हजार मीटरचे रौप्यही. पुढल्या वर्षी जुलैत पॅरिसला 8 मिनिटे 9.91 सेकंद, आणि महिन्याभरात त्याच शहरात ऑलिंपिकची अंतिम फेरी, जेथवर या शर्यतीत तोपर्यंत एकही भारतीय पुरुष पोचला नव्हता. तो अकरावा आला. दुसऱ्या दिवशी हॉटेलात मी ऐकले ते असे: “अकरावा म्हणजे काय, शेवटून मोजायचं का?”

हांगचौचे सुवर्ण आले त्या दिवशी मात्र चौकात फलक लागले होते. त्यांवर अविनाशचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि अभिनंदन करणाऱ्यांचे फोटो दारांएवढे. सर्वांच्या तोंडी एकच: “आपला पोरगा!” जिंकला की आपला, हरला की गोऱ्याचा. असा हिशेब कुठल्या सावकाराच्या वहीतही सापडायचा नाही.

आता वाचक म्हणतील, मास्तर, तुम्ही इतके तापलात कशाने? धावणारा धावतो, बोलणारे बोलतात. बोलण्याने कोणाचा पाय मोडतो का?

मोडतो, म्हणूनच तापलो आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या गावच्या तालमीत दुसऱ्या जिल्ह्यातून एक मल्ल आणला होता. त्याचे नाव सांगत नाही. सव्वासहा फूट उंची, खांदे असे की दारातून तिरपे व्हावे लागे. जत्रेच्या हगाम्यात शेवटची मोठी कुस्ती वर्षानुवर्षे बाहेरचे मल्ल मारून नेत होते. म्हणून गावाने वर्गणी काढली, दूध, बदाम आणि तूप यांची सोय केली, आणि हा गडी आणला. वर्गणीत माझे पंचवीस रुपये होते. पंचवीस रुपयांत माणूस विकत मिळतो असा माझा त्या वेळी प्रामाणिक समज होता.

पहिल्या हगाम्यात हलगी कडाडली, गड्याने शड्डू ठोकला आणि चारपाच मिनिटे समोरच्याला त्याने असा काही फिरवला की आम्ही फेटे उडवले. मग दहाव्या मिनिटाला तो तोंडाने श्वास घेऊ लागला. पंधराव्याला समोरच्या, त्याच्या खांद्याएवढ्या पोराने पट काढून त्याला चीत केले. दुसऱ्या हगाम्यात तेच. तिसऱ्यात तेच. पारावर दोन पक्ष पडले. एक म्हणे, “नुसतं अंग हाये, अक्कल न्हाई.” दुसरा म्हणे, “अक्कल हाये, काळीज न्हाई.” तो चांगला असू शकेल असे म्हणणारा तिसरा पक्ष नव्हता. तिसऱ्या कुस्तीनंतर तो अंगाची माती झटकीत आमच्या समोरून चालला होता, तेव्हा मी मोठ्याने म्हणालो, “म्हैस पाळली असती तर दूध तरी मिळालं असतं!” मोठा हशा पिकला. त्याने वळून पाहिले. तो काही बोलला नाही.

चार दिवसांनी पहाटेच्या एस्टीने तो निघून गेला.

नंतर वस्तादांनी जे सांगितले ते ऐकून माझी मान जी खाली गेली ती अजून पुरती वर आलेली नाही. ते म्हणाले, “मास्तर, पोरगं गादीवर तयार झालेलं. गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात, गुणांवर निकाल लागतो. सहा मिनिटांत सारं बळ ओतायचं, हेच त्याच्या अंगात भिनलेलं. मातीत घड्याळ नसतं. पाठ लागेपर्यंत लढायचं. पाय रुततात, अंगाला अंग चिकटतं. एवढं मोठं धूड मातीत उभं करायला मला वर्ष पाहिजे होतं. तुम्ही तीन महिने दिले, आन् त्यातही त्याला रोज पारावरून जावं लागत होतं.”

दम कमी नव्हता, काळीजही कमी नव्हते. कमी होते ते नऊ महिने, आणि ते देण्याची दानत.

पुष्कळ वर्षांनी एका साखर कारखान्याच्या फाटकाशी तो मला भेटला. पहारेकऱ्याच्या कपड्यांत होता. मी ओळखायच्या आधी त्यानेच ओळखले. मी चाचरत काही बोलू लागलो, तो म्हणाला, “मास्तर, वस्ताद कसे आहेत? तालीम चालू आहे ना?” वस्ताद वारले होते. तालमीला कुलूप लागून सहा वर्षे झाली होती. बाहेरच्या गड्याची गत पाहून गावातल्या पोरांनीही मातीत उतरायचे सोडले होते. हरलो तर आपलीही म्हैस होईल, हे ती शहाणी पोरे समजून चुकली होती. माझ्या विनोदाची किंमत अशी एकट्या त्याने भरली नाही. ती गावाने भरली.

मोठ्या अंगाच्या माणसाला तर हा जाच दुप्पट. लहानसर गडी हरला तर लोक हळहळतात. थोराड गडी हरला की फसवणूक झाल्यासारखे चिडतात. पंजाबातल्या बल्लोके गावचा सतनामसिंग भामरा हा 7 फूट 2 इंच उंचीचा पोरगा चौदाव्या वर्षी बास्केटबॉल शिकायला फ्लॉरिडाला गेला. गेला तेव्हा इंग्रजी येत नव्हते. 2015 साली डॅलसच्या संघाने त्याची निवड केली. अमेरिकेच्या त्या मोठ्या लीगसाठी निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. पुढे त्याला दुय्यम संघातून थोडाथोडका खेळ मिळाला आणि मुख्य लीगचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. लगेच शेरा तयार: “नुसती उंची!” अहो, ती उंची शेतातून उचलून परक्या भाषेत, परक्या वेगात नेऊन उभी करायला काय पडते, याचा हिशेब कोणी केला? टोपली दहा फुटांवर असते, म्हणून उंच माणसाला सारे सोपे असते, असे ज्यांना वाटते त्यांनी ताडाच्या झाडाला संघात घ्यावे.

माझ्या जिल्ह्यातले लोक हे बोलतात तेव्हा मला अधिक वाईट वाटते, कारण ‘जाणे’ म्हणजे काय हे आमच्याइतके महाराष्ट्रात कोणाला ठाऊक आहे? दसरा होतो, दिवाळी येते, आणि बालाघाटाच्या वाड्यावस्त्यांवरून मालमोटारी भरून माणसे ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या वहीत ‘कोयता’ म्हणतात. उचल आधीच घेतलेली असते, ती फेडण्यासाठी चार-पाच-सहा महिने पाचटाच्या खोपीत काढायचे. मुले बरोबर नेली तर शाळा बुडते, ठेवली तर आजीच्या गळ्यात पडतात. परक्या फडात पहिल्या आठवड्यात हात सोलून निघतात हे आमच्या घराघराला माहीत आहे. पहिल्या आठवड्यात मोळ्या कमी भरल्या म्हणून मुकादम शिव्या देतो, तेव्हा तो आम्हाला राक्षस वाटतो. मग बुडापेस्टला सातवा आलेल्या पोराकडे आम्ही कोणत्या नजरेने पाहिले? मुकादमाच्याच ना? तेही उचल न देता!

पाटोद्याचा राहुल आवारे असाच पुण्याच्या तालमीत गेला. 2018 साली गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण आणि 2019 मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य त्याने आणले. ते सुवर्ण आले तेव्हा तो 26 वर्षांचा होता. त्याआधीची सारी वर्षे कोणी तरी वाट पाहिली, खुराक पुरवला, हरल्यावर पाठीवरून हात फिरवला. या जिल्ह्याला जे थोर खेळाडू मिळाले ते बहुतेक येथून गेलेलेच आहेत. गेले म्हणून बिघडले असते, तर आमच्याजवळ फलकावर छापायला एकही तोंड उरले नसते.

माझे मित्र यावर म्हणतात, “म्हणजे प्रेक्षकांनी तोंडाला कुलूप घालावे? आम्ही प्रेम करतो म्हणून बोलतो.” नाही, कुलूप घालू नये. जरूर बोलावे. पाण्याच्या उडीत त्याचे पाऊल आखूड पडते, असे कोणी म्हणाले तर मी कान देऊन ऐकेन, कारण बोलणाऱ्याने निदान पाऊल तरी पाहिले आहे. गटात तो फार मागे राहून धावला, असे म्हणा; वाद घालू, रात्र काढू. ती टीका झाली. पण ‘गेला आणि बिघडला’, ‘काळीज नाही’, ‘नुसते अंग’ ही टीका नव्हे. तो माणसावर मारलेला शिक्का आहे, आणि तो मारणाऱ्याला काही पाहावे लागत नाही, हेच त्याचे आकर्षण आहे. प्रेमाचे म्हणाल, तर जे प्रेम पहिल्या पराभवालाच पावती मागते त्याला बाजारात दुसरे नाव आहे.

शिक्का उचलण्याआधी तीन प्रश्न विचारावेत एवढेच माझे मागणे आहे. हा माणूस आधी काय करीत होता? त्याच्याभोवतीचे काय काय बदलले? आणि आपण त्याला दिवस किती दिले? माझ्या त्या मल्लाच्या बाबतीत यातला एक जरी प्रश्न मी विचारला असता, तर आज तालमीला कुलूप नसते.

2025 च्या जुलैत मोनॅकोला पाण्याच्या त्याच उडीवर अविनाश पडला. गुडघ्याचे स्नायुबंध फाटले, शस्त्रक्रिया करावी लागली. दुसऱ्या दिवशी मी हॉटेलात गेलो. आण्णांनी बशी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिले आणि तोंड उघडले. मी म्हणालो, “आण्णा, आधी चहा घ्या.”

त्यांनी घेतला. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग कोपऱ्यातून एका पोराने विचारले, “मास्तर, गुडघा भरून यायला किती दिवस लागतात?”

आमच्या न्यायालयात इतका चांगला प्रश्न मी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता.